सणाच्या घरीही डबा न्या

२२ सप्टेंबर २०२५ ला आमच्या खडकवासल्यात घरोघर घट बसले आणि त्याच दिवशी सूर्य मावळताना यहुदी लोकांचे नवे वर्ष, रोश हशाना, सुरू झाले. शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी, काकू चिकाचा हलवा करत होत्या. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक गाळायचा, नारळाचे दूध काढायचे आणि मग कढई सुटेपर्यंत घोटत राहायचे. मी गेले तेव्हा त्यांच्या मनगटाला बँडेज होते. हात थांबला की तळाला लागते, म्हणून फोन वाजत होता तरी त्या उचलत नव्हत्या. बाहेरच्या खोलीत दोन धडधाकट मुलगे बसलेले. आमच्याकडे त्याच वेळी मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाईंनी नऊ दिवसांचे उपवास धरले होते. दोन्ही घरांतले पुरुष एकच वाक्य बोलले: "ती हौसेने करते."

हौसेचे हे कारण मला पटत नाही. जे काम सोडून देण्याची मोकळीकच नाही, त्याला हौस कसे म्हणायचे?

बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नावच दिले शनवार तेली. शब्बाथची आज्ञा गड्याला, मोलकरणीला, जनावरालासुद्धा विसावा देते; घाण्याचा बैलही त्या दिवशी सुटा. शुक्रवारी दिवस मावळण्याआधी स्वयंपाक आटपायचा, मग चूल पेटवायची नाही. विसावा कुणाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता, तो नेम होता. आमच्या शेजारच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपद एके काळी बेंजामिन अब्राहम सॅमसन या बेने इस्रायली नौदल अधिकाऱ्याने भूषवले. तिथे उठण्याची वेळ जशी ठरलेली, तशी झोपण्याचीही. शिस्तीत विश्रांती धरलेली असते, हे आपण घरी आलो की विसरतो.

उपवासाचेही तसेच. त्या वर्षी २ ऑक्टोबरला दसरा होता आणि यहुद्यांचा योम किप्पूरचा कडक उपवासही त्याच दिवशी होता. पाणीसुद्धा न घेता सुमारे पंचवीस तास. पण जिवाला धोका असेल तर खाल्लेच पाहिजे, असे यहुदी धर्मशास्त्रच सांगते. आजारी माणसाने खाणे ही तिथे पळवाट नाही, कर्तव्य आहे. आपल्याकडे मधुमेही बाईला 'एवढे नऊ दिवस निभाव' म्हणणारे देवीला नक्की काय अर्पण करतात?

लग्नघरात, बारशात, वास्तुशांतीला हेच. जिच्या घरचे कार्य, तीच सर्वांत शेवटी जेवते.

आणि मदत कशी करावी हे आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भाकरी घेऊन येतात, कडू घास भरवतात. यहुद्यांतही दफनाहून परतल्यावर पहिले जेवण शेजाऱ्यांनीच आणायचे असते आणि पुढे सात दिवस शोकातल्या माणसाने कामाला हात लावायचा नसतो. दोन वेगळे धर्म, शहाणपण एकच. मग हे शहाणपण दुःखातच का जागे व्हावे? सुतकातल्या बाईला आपण बसवतो, सणातल्या बाईला मात्र उभेच ठेवतो.

दसऱ्याआधी मी काकूंच्या धाकट्या मुलाशी बोलले. उपवास सुटायच्या संध्याकाळी जेवणाचा डबा आमच्याकडून गेला, आणि पुढच्या वर्षीचा हलवा आपण घोटू असे त्याने आईला सांगितले आहे. सासूबाई डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिसऱ्या दिवशी जेवल्या. त्यासाठी घरात थोडे भांडावे लागले, ते मी भांडले.

यंदा घट बसतील त्या आठवड्यात तुमच्या इमारतीतल्या एका तरी घरी, कुठल्याही धर्माच्या, न विचारता डबा घेऊन जा. आणि घरातल्या मुलग्याच्या हातात आजच कालथा द्या.