जाळ्याची गाठ

शीव कोळीवाड्यात एक आजी आहे. मासळी विकते, पण खात नाही.

गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ती बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उघडते, आतला लालभडक रंग दाखवते, आणि दुसऱ्या हाताने गळ्यातली तुळशीची माळ पोलक्यात सरकवते. मासळीचं पाणी माळेवर उडू नये म्हणून. पहिल्या वारीत तिने माळ घेतली, तेव्हापासून जिभेला मासळी लावलेली नाही. जिथल्या झणझणीत तळणाचं नाव पंजाबी हॉटेलांनी देशभरच्या मेनूकार्डांवर नेलं, त्या वस्तीत हे व्रत म्हणजे काय, ते खवय्यांनाच विचारावं.

आजीचा गळा खणखणीत. कॅसेटांच्या दिवसांत एक माणूस बिदागी घेऊन आला होता. हिरवं लुगडं, अंगभर दागिने आणि ठसकेबाज कोळीगीतं गायची, एवढंच. आजी म्हणाली, “पोटासाठी मासळी हाय. गाणं पोटासाठी नाय.” तो गेला. घरातल्यांनी मात्र पुढे कित्येक वर्षं त्या बिदागीचा हिशोब काढला.

शेजारच्या खोलीत सिस्टर राहतात. मूळच्या नगरच्या, आयुष्यभर इस्पितळात परिचारिका, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर. रविवारी देवळातून आल्या की भाजी निवडताना भजन गुणगुणतात. आजीने एकदा विचारलं, “कुठल्या संताचं गो?”

“आमच्या टिळकांचं.”

“लोकमान्यांचं?”

“नाही हो, रेव्हरंड टिळकांचं.” मग नारायण वामन टिळकांची कथा झाली. कोकणातला हा ब्राह्मण कवी 1895 साली ख्रिस्ती झाला, पण अभंग आणि कीर्तन त्याने सोडलं नाही, तेच घेऊन तो ख्रिस्ताच्या दारात गेला. आजीला पटलं. चाल तर ओळखीचीच होती.

सिस्टरांनीच तिला महालिया जॅक्सनबद्दल सांगितलं. अमेरिकेतली काळी बाई, 1911 सालचा जन्म, शिकागोत लोकांचे कपडे धुऊन दिवस काढलेले. आवाज असा की ब्लूज गायली असती तर पैशांचा पाऊस पडला असता. पण नाइटक्लबात जायचं नाही, गायचं ते देवाचंच, हे तिने शेवटपर्यंत पाळलं. 1971 साली ती मुंबईत गाऊन गेली, आणि पुढच्याच जानेवारीत वारली. “तिकिटं हां हां म्हणता संपली,” सिस्टर म्हणाल्या. “मला नाही मिळालं.” त्या दिवसापासून महालिया ही आजीची कुणीतरी झाली. कुणी पैशाची गोष्ट काढली की ती म्हणायची, “ती नाय गायली. मी कशाला गाऊ?”

आजीची नात तिहेरी उडी मारते. शाळेत लंगडीत तिला कुणी धरू शकत नसे, ते पाहून सरांनी तिला खड्ड्यावर आणलं. पहिली उडी लंगडीसारखी, ज्या पायावर उडायचं त्याच पायावर उतरायचं. मग लांब ढांग दुसऱ्या पायावर, आणि शेवटी वाळूत झेप. मधल्या उतरण्यांत अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो. सर म्हणाले, अंडी खा, मासळी खा, नाहीतर नडगी जाईल. पण पोर माळकरी. दहा वर्षांची असताना आजीने आळंदीला तिच्या गळ्यात माळ घातली होती.

पोर स्टेशनबाहेरच्या गाडीवर उकडलेली अंडी खाऊ लागली. खाताना माळ कंपासपेटीत, घरी येताना गळ्यात. काही महिने सुरळीत गेले. मग एका संध्याकाळी वेणी घालताना आजीचे हात थांबले. माळेचा दोरा ती नेहमी जाळ्याच्या गाठीने बांधते. ओढली की घट्ट बसणारी ती गाठ नातीला कधी जमलीच नाही. मानेवर होती साधी निरगाठ.

आजी काही बोलली नाही. वेणी पुरी केली. दुसऱ्या दिवशी सिस्टरांना बरोबर घेऊन मैदानावर गेली, सरांना झाडायला.

सरांनी आधी झाडून घेतलं. मग जोनाथन एडवर्ड्सचं नाव काढलं. धर्मगुरूचा मुलगा, इंग्लंडचा. रविवार देवाचा म्हणून त्या दिवशी उडी मारायची नाही हा नेम, आणि त्यापायी 1991 ची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली. 1993 मध्ये पुष्कळ विचार करून नेम सैल केला. 7 ऑगस्ट 1995 ला गॉथेनबर्गमध्ये आधी 18.16 मीटर, पुढच्याच उडीत 18.29. तो विक्रम अजून उभा आहे. 2000 साली सिडनीत सोन्याचं पदक घेतलं, तेव्हा सोबत तारल्यांचा डबा होता. येशूने पाच हजारांना जेवू घातलं, त्यातल्या मासळीची खूण म्हणून.

आजी हसली. “म्हंजे त्याने देवासाठी मासळी बरोबर नेली, आन मी देवासाठी सोडली!” आणि लगेच, “मंग पुढं?”

सर अडखळले. पुढचं सांगणं त्यांच्या सोयीचं नव्हतं. ते सिस्टरांनी सांगितलं. 2007 मध्ये तो म्हणाला, माझा विश्वास उरलेला नाही.

“मंग काय उपेग? शेवटी सोडलाच ना देव?”

“सोडला,” सिस्टर म्हणाल्या. “मलाही वाईट वाटलं. बीबीसीवर भजनांचा मोठा कार्यक्रम करायचा तो, चांगलं नाव होतं. नुसते ओठ हलवत राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पण त्याने कार्यक्रम सोडला, आणि लोकांना सांगितलं.”

मला विचाराल तर एडवर्ड्सचा मोठेपणा 18.29 इतकाच या कबुलीत आहे. पण आजी तिथे काही कबूल करणाऱ्यांतली नव्हती. “बघते,” एवढंच म्हणाली आणि वाटेत मेथीची जुडी घेतली.

रात्री तिने नातीला समोर बसवलं. निरगाठ सोडली, माळ तिच्या तळहातावर ठेवली.

“ही मी घातली व्हती. तू कुठं घेतलीस? आता तुझी तू ठरव. पण कंपासपेटीत नाय ठेवायची.”

पोर रडली, मग म्हणाली, सध्या नको. आजीला लागलं. ते तिने लपवलंही नाही, दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाटीतले दोन चांगले बांगडे बाजूला काढून सुनेकडे दिले, “पोरीला दे, तिखट बेताचं टाक.” माळ देव्हाऱ्यात गेली.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पोरीचा तिसरा नंबर आला. वस्तीत बातमी पसरली, पण पदकाची कमी, माळेची जास्त. एकादशीला भजनी मंडळात एकीने हळूच विषय काढला, “नातीने माळ उतरवली म्हणे?”

“उतरवली,” आजी म्हणाली. “माझ्यासमोर, दिवा लावून.” आणि पेटीवाल्याकडे वळली, “काळी चार दे रे.”