लबाड माणूस, खरा तपास

अशील घाबरलेलं आहे. टेबलापलीकडचा धिप्पाड, हसतमुख माणूस मान डोलावत ऐकतो, मध्येच नेमका प्रश्न विचारतो, धीर देतो. अशिलाला वाटतं, बरं झालं, योग्य दारात आलो. पाहणाऱ्याला मात्र एव्हाना कळलेलं असतं, की त्या हसऱ्या डोक्यात एकच हिशेब चाललाय: यातून मला काय सुटेल?

या माणसाचं नाव होरेस डोरिंग्टन. १९७१ साली थेम्स टेलिव्हिजननं ‘द रायव्हल्स ऑफ शेरलॉक होम्स’ ही मालिका सुरू केली. बीबीसीचे माजी महासंचालक ह्यू ग्रीन यांनी होम्सच्या काळातल्या इतर हेरांच्या कथा जमवल्या होत्या, त्यांवर ती बेतलेली. एकूण २६ भाग, बहुतेक चित्रण स्टुडिओतलं. दार जोरात आपटलं तर भिंत हलेल की काय, अशी धाकधूक वाटावी इतपत. डोरिंग्टनच्या वाट्याला त्यातले दोनच भाग आले. ती भूमिका केली पीटर व्हॉनने, म्हणजे पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये आंधळा मेस्टर एमन झालेला नट. बाकीचे सज्जन हेर माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. डोरिंग्टन काही जात नाही.

त्याचा जनक आर्थर मॉरिसन. लंडनच्या ईस्ट एंडचा, गरिबी जवळून पाहिलेला लेखक. १८९३च्या डिसेंबरात कॉनन डॉयलनं होम्सला धबधब्यात ढकलून दिलं आणि ‘स्ट्रँड’ मासिकात जागा रिकामी झाली. तिथे मॉरिसननं मार्टिन ह्युइट नावाचा शहाणा, सरळमार्गी हेर बसवला. चित्रंसुद्धा होम्सच्याच चित्रकाराची, सिडनी पॅजेटची. आणि मग १८९७ साली त्याच हातानं डोरिंग्टन लिहिला. सज्जन हेर लिहून कंटाळा आला असेल, असं आपलं मला वाटतं.

‘ॲव्हलांच’ सायकल कंपनीची गोष्ट घ्या. १८९६ साली इंग्लंडला सायकलचं वेड लागलं होतं. हूली नावाच्या दलालानं डनलॉप कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि लगोलग ५० लाखांना बाजारात उतरवली; दोन वर्षांत तो स्वतः दिवाळखोर झाला. मॉरिसनची कथा या हवेतली. मॅलोज नावाचा प्रवर्तक पोकळ कंपनीचे शेअर्स फुगवण्यासाठी प्रतिस्पर्धी कंपनीच्या शर्यतपटूचा घात घडवतो. डोरिंग्टन हे शोधून काढतो, तेही अगदी चोख. निरीक्षण, तर्क, धाडस, कशात म्हणून कमी नाही. फक्त शोधून काढल्यावर तो पोलिसांकडे जात नाही, मॅलोजकडे जातो. आणि वाटा मागतो. मॅलोज त्याला सायकलींचा रंग भाजून पक्का करायच्या भट्टीत कोंडतो. तो त्यातूनही सुटतो. तो भट्टीत अडकलेला असताना आपण नेमके कुणाच्या बाजूचे आहोत, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. मॉरिसनचा खरा खट्याळपणा तिथे आहे.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड होता. तो कायद्याबाहेरचा, पण गरिबांच्या बाजूचा. अशा माणसाला माफ करणं सोपं असतं. डोरिंग्टनमध्ये माफ करण्यासारखं काहीच नाही. आणि गंमत म्हणजे, तपासात तो खोटं काढत नाही. त्याला सापडतं ते खरंच असतं. लबाडी सुरू होते ती पुढच्या पायरीवर: हे खरं आता कुणाला द्यायचं, आणि केवढ्याला?

होम्ससुद्धा सगळं पोलिसांना सांगत नव्हता. ‘ब्लू कार्बंकल’मध्ये तो नाताळच्या दिवसांत चोराला दार उघडून देतो. डोरिंग्टननंही सोडला असता, दरमहा हप्ता बांधून. पुरावा दोघांच्याही खिशात, पोलीस दोघांनाही नकोत. फरक फक्त किमतीचा. हेर कितीही हुशार असला तरी किंमत लावायची की नाही हे त्याच्या मनावर असतं, आणि मनाला कुलूप नसतं. आपण मात्र होम्स वाचून वाचून हुशारी आणि सचोटी यांचं परस्पर लग्न लावून मोकळे झालो. समोरच्यानं आपल्या बुटांवरच्या चिखलावरून आपलं गाव ओळखलं, की तो आपल्याला फसवणार नाही असंही आपण गृहीत धरतो. का, कोण जाणे.

इतिहास तर उलटच सांगतो. जोनाथन वाइल्ड लंडनमध्ये चोर पकडून देई, चोरीचा माल मोबदला घेऊन परत मिळवून देई, आणि त्या चोऱ्यांमागे बरेचदा तोच असे. १७२५ साली त्याला फाशी झाली. पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख विडोक हा मुळात कैदी. १८७७ साली स्कॉटलंड यार्डचेच डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर ठकांकडून पैसे खाल्ल्याबद्दल तुरुंगात गेले, आणि त्या बदनामीनंतर पुढच्याच वर्षी सीआयडी उभी राहिली. या रांगेत डोरिंग्टन शोभून दिसतो. उपरा वाटतो तो होम्स.

डोरिंग्टनच्या भानगडी आपल्याला कळतात त्यासुद्धा त्याच्या एका अशिलामुळे. त्या अशिलाला त्यानं पाण्याच्या टाकीत बुडवून मारायचा घाट घातला होता. माणूस वाचला, डोरिंग्टन पसार झाला, आणि मागे राहिलेल्या पेटीत त्याची सगळी प्रकरणं निघाली. हे मला फार पटतं. प्रामाणिक हेराकडे तपास संपला की फाइल संपते. अशा माणसाकडे फाइल हेच भांडवल.

अशा हेरांना आवर घालायचे प्रयत्न झाले. ब्रिटनमध्ये २००१च्या कायद्यानं खासगी हेरांना परवाना सक्तीचा करण्याची सोय ठेवली, पण ती वापरात आली नाही. आपल्याकडे २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं, त्याचा कायदा झाला नाही. आणि मुंबई-पुण्यात मुला-मुलीची पत्रिका जुळल्यावर गुपचूप हेराकडे जाणारी घरं काही कमी नाहीत. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, तर फी ठरवण्याआधी एवढं विचारा: अहवालाची दुसरी प्रत कुठे राहणार?