शनवार तेल्यांचा वार

कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली या ज्यू समाजाला आसपासचे लोक ‘शनवार तेली’ म्हणत. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यात हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि मराठी बोलत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, तसे हे शनिवारचे. बाकीच्या ज्यू जगाशी त्यांचा संबंध कित्येक शतके तुटला होता. हिब्रू विसरली, धर्मग्रंथ हाती उरले नाहीत, चुकले तर सांगायला धर्मगुरू नव्हता. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले तेच मुळी १७९६ साली. तरीही शनिवारी बैल घाण्याला जुंपायचा नाही, हे त्यांनी सोडले नाही. सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थनाही टिकली होती, तेव्हा त्यांची ओळख टिकल्याचे सारे श्रेय शनिवारला देता येणार नाही. पण त्या गोष्टी घराच्या चार भिंतींत निभावता येत. शनिवार गावासमोर पाळावा लागे आणि त्यासाठी दर आठवड्याला एका दिवसाची कमाई सोडावी लागे. हातावर पोट असणाऱ्या माणसाने पिढ्यान् पिढ्या ही किंमत मोजली, आणि गावाने त्याला ओळखले तेही तो काम करीत नाही त्या वारावरून.

विश्रांतीविषयी आज आपण जे बोलतो त्याची दिशा नेमकी उलटी आहे. कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी ध्यानाची सत्रे ठेवतात, मोबाइलमधले ॲप दहा मिनिटे श्वास मोजायला लावते आणि वर सलग किती दिवस शांत बसलात याची नोंदही ठेवते. हेतू एकच, की माणूस ताजातवाना होऊन पुन्हा कामाला लागावा. असा विसावा ही कामाचीच एक शाखा झाली. तो वाईट नाही, पण त्यातून आत्मबळ येईल ही अपेक्षा फोल आहे. अंगातला शीण झोपेनेही जातो. आत्मबळ ही वेगळी गोष्ट. सहा दिवस ज्याने आपल्याला जुंपून ठेवले त्याला सातव्या दिवशी नाही म्हणायचे, आणि तरी आभाळ कोसळत नाही हे स्वतः पाहायचे, यातून ते येते. आपण म्हणजे आपला धंदा नव्हे, हे प्रवचनात कितीही वेळा ऐकले तरी पटत नाही. घाणा खरोखर थांबवावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा, की मन स्थिर असेल तर वार कशाला पाळायचा? गर्दीतही शांत राहता येते आणि गीता तर सांगते की क्षणभरही कर्माविना कुणी राहू शकत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण गीतेचा रोख कर्तव्य टाकून पळणाऱ्यावर आहे. तीच गीता सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जाग या सगळ्यांत प्रमाण राखायला सांगते. गर्दीत शांत राहणारे सिद्ध पुरुष असतीलही. पण तुकोबांनाही देहूच्या बाजारपेठेतून उठून भंडाऱ्याच्या डोंगरावर जावेसे वाटले, आणि वारकरी पंथाने मनाच्या भरवशावर न राहता एकादशी नेमून दिली. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचे शिबिर होते, त्यात बहुतेक काळ मौन असते. तिथेही शिबिर संपताना रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. सवड मिळाली की शांत बसू, असे म्हणणाऱ्याला सवड कधीच मिळत नाही. नेम हवा तो त्यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: हे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान. त्याला उत्तर मुंबईच्या गिरणगावाने दिले आहे. तिथे आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना संघटित केले, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, आणि त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी मागणी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही एक कारण लोखंडे यांनी दिल्याचे सांगतात. ते मला फार महत्त्वाचे वाटते. ज्यांना पोटाची सर्वांत जास्त चिंता होती त्यांनी थकव्याबरोबर देवाचेही नाव घेतले. स्वतःचा एक दिवस असावा ही भूक श्रीमंतांची मक्तेदारी कधीच नव्हती. उलट, तिच्याविषयी संशय घेतला जातो तो वरून. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे आठवड्याला नव्वद तास कामाचे वक्तव्य जानेवारी २०२५ मध्ये गाजले. घरी बसून माणूस करणार काय, असा त्याचा सूर होता आणि त्यात रविवारही धरला होता. लोखंड्यांच्याच मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचे हे अध्यक्ष!

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही. पुरुष निवांत बसतो त्या दिवशी स्वयंपाकघर दुप्पट चालते. उपवास घरादाराचा, पण साबुदाणा भिजवायचा आणि दाण्याचे कूट करायचे ते बाईने. ज्यूंच्या शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून अन्न आदल्या दिवशी शिजते. तेही बहुधा बाईच शिजवते. तरी शब्बाथ पाळायला सांगणाऱ्या जुन्या आज्ञेत एक गोष्ट स्पष्ट आहे. विसावा घरधन्यापुरता नाही. नोकर, मोलकरीण, परका पाहुणा आणि गुरेढोरे यांनाही तो द्यायचा आहे. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्यामागची जाणीव याच जातीची. दुसऱ्याला राबवून मिळवलेली शांतता ही सेवा विकत घेणे झाले. रविवारी रात्री दहा मिनिटांत बिर्याणी हवी असलेल्या माणसाने अंतर्मुख होण्याच्या गप्पा मारू नयेत. ती आणून देणाऱ्या मुलाचा एक दिवस थांबणे म्हणजे एका दिवसाची मिळकत बुडणे आहे. शनवार तेल्याच्या पाठीशी निदान त्याचा समाज तरी होता.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण बहुसंख्य घरांत कामवाल्या बाईंची सुट्टी आजही मालकिणीच्या मर्जीवर असते. ज्यांना आपल्या आयुष्यात थोडी स्थिरता हवी आहे त्यांनी घरी कामाला येणाऱ्या बाईंना आठवड्यातला एक ठरलेला वार पगारी सुट्टीचा द्यावा, आणि त्या दिवशीची भांडी घरातल्या पुरुषांनी घासावीत.