नकाशा आणि न्याय

सृष्टीचें मूल्य मोजतां येतें काय, आणि आल्यास त्या मोजमापानें माणसामाणसांत न्याय होतो काय, हा प्रश्न पूर्वीं तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता होता. ज्या शास्त्रास व्यवहारांत जी.आय.एस. म्हणतात तें प्रचारांत आल्यापासून तो सरकारी कचेऱ्यांत आणि ग्रामसभांत येऊन पोंचला आहे. या शास्त्राची रीत समजण्यास सोपी आहे. जमिनीचा उतार, वनाचा विस्तार, उष्णतामान, वस्ती, उत्पन्न असे निरनिराळे थर संगणकावर एकाच प्रदेशावर अंथरावयाचे, आणि कोठें काय एकत्र येतें तें पाहावयाचें.

अशा पाहण्यानें केवढें काम होतें याचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. १९३० नंतरच्या दशकांत तेथील होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेनें शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार रंग दिले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा तांबड्या रंगांत पडल्या. तांबडा रंग म्हणजे कर्ज देण्यास धोक्याची जागा. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १०८ शहरांच्या त्या नकाशांवर उपग्रहांनीं टिपलेलें भूपृष्ठाचें उष्णतामान ठेवून पाहिलें. तांबड्या वस्त्या इतरांहून सरासरीनें २.६ अंश सेल्सिअस अधिक तापतात, असें आढळलें. त्या रंगानेंच सर्व घडलें असें यावरून सिद्ध होत नाहीं. तथापि एकेका रहिवाशाची जी तक्रार रडगाणें म्हणून सोडून देतां येई, ती नकाशावर मांडतांच पुरावा ठरली.

आमच्या सह्याद्रीचा अनुभव मात्र या शास्त्राची दुसरी बाजू दाखवितो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञमंडळानें २०११ सालीं आपला अहवाल दिला. त्यांनीं पश्चिम घाटाचे सुमारें नऊ किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडले; प्रदेशनिष्ठ वनस्पति, वनाचें प्रमाण, उंची, उतार इत्यादिकांस गुण देऊन सरासरी काढली; आणि सर्व घाट संवेदनशील मानून त्याचे तीन विभाग सुचविले. २०१३ सालीं कस्तुरीरंगन यांच्या मंडळानें अधिक सूक्ष्म उपग्रहचित्रांवरून शेतीवस्तीचा प्रदेश वेगळा काढला, गांव हें परिमाण धरलें, आणि सुमारें ३७ टक्केच प्रदेश संवेदनशील ठरविला. घाटाची सीमाहि दोघांनीं एकच धरली नव्हती. डोंगर तेच, झाडें तींच. परिमाण आणि निकष बदलतांच मूल्य बदललें!

यावरून आम्हांस वाटतें तें असें. कोणता थर घ्यावयाचा आणि त्यास किती वजन द्यावयाचें, हा निर्णय गणिताच्या आधीं होतो. गणित त्यावर केवळ आकड्यांचें वस्त्र पांघरतें. कोंकणांतील जांभ्याचा सडा घ्या. उतार नाहीं, वन नाहीं, म्हणून त्या दोन रकान्यांत तो तळाशीं जातो. पण पावसाळ्यांत त्यावर दुर्मिळ फुलें येतात, गांवचीं गुरें तेथें चरतात, आणि पायथ्याच्या झऱ्यांस त्याचें मुरलेलें पाणी मिळतें. उलट, तीव्र उतारावर नाचणी काढणाऱ्याची जमीन वरच्या गुणांत बसते, आणि निर्बंध त्याच्या वांट्यास येतो. वनाचें पाणी खालच्या शहरानें प्यावें व रक्षणाचा भार वरच्या पाड्यानें सोसावा, ही विषमता दाखविणाराहि थर काढतां येईल. परंतु तो काढावा असें ज्यास वाटावें, तो माणूस त्या खोलींत हजर पाहिजे.

कोणी म्हणेल, मग मोजमापच सोडून द्यावें. हें आम्हांस मान्य नाहीं. खाणीचें उत्पन्न रुपयांत मोजलेलें असतें. त्याच्यासमोर न मोजलेला झरा दर वेळीं हरतो. दुर्बळाच्या बाजूनें मोजणें हेंच येथें कर्तव्य आहे.

घाटासंबंधीं केंद्रसरकारनें २०२४ च्या जुलैंत सहावा मसुदा प्रसिद्ध केला. इतके मसुदे निघावे याचा दोष नकाशा काढणारांच्या कौशल्यास देणें योग्य नव्हे. विभागांच्या नेमक्या सीमा स्थानिक लोकांशीं विचार करून ठरवाव्या, असें गाडगीळ मंडळानेंच सुचविलें होतें. कोणते थर घेतले व कोणास किती वजन दिलें, हें प्रत्येक ग्रामसभेस तिच्या भाषेंत सांगावें. तिला आपला एखादा थर घालावयाचा असल्यास तो घालूं द्यावा. आणि मगच रेषा पक्की करावी. यास वेळ लागेल. पण ज्यांच्या घरावरून ती रेषा जाते, त्यांस तिच्यासोबत पिढ्यान् पिढ्या राहावयाचें आहे.