शिदोरी आणि ओझे

चैत्रातील एका दुपारी आमचा एक जुना विद्यार्थी हिमालयातील मोहिमेवर निघण्यापूर्वी निरोप घ्यावयास आला, आणि सामानाची बांधाबांध पाहण्यासाठी आम्हांस आग्रहाने घरी घेऊन गेला. छत्रपती संभाजीनगरची ती दुपार. बाहेर पारा चाळिशीपलीकडे, आणि आत फरशीवर पिसांचा जाड कोट, हातमोजे, बुटांस बांधावयाचे पोलादी काटे, बर्फाची कुऱ्हाड, दोर व काळे चष्मे मांडलेले! प्रत्येक वस्तू तो काट्यावर ठेवी, वजन वहीत लिही आणि मग पिशवीत घाली. दात घासण्याच्या ब्रशाची दांडीही त्याने अर्धी कापून टाकली होती. आम्हांस हसू आले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, इथला तोळा तिथे शेर होतो.’’

हातमोज्यांचे दोन जोड पाहून आम्ही कारण विचारले. एक हरवला तर बोटे जातात, असे उत्तर आले. ‘‘आणि दुसऱ्या कोणाचा हरवला तर?’’ आमचा प्रश्न सहज होता. पण तो गप्प राहिला, आणि घरी परतताना आम्हीही गप्पच होतो.

सामान बांधणे ही शहाणपणाची बाब आहे, नीतीचा प्रश्न पुढे पर्वतावर उद्भवतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मते ती अपुरी आहे. औदार्याचा प्रसंग पर्वतावर येतो हे खरे. परंतु त्या औदार्याची ऐपत मात्र घरीच ठरलेली असते. ज्याने शेवटच्या श्वासापर्यंतचा हिशेब केवळ स्वतःपुरता मांडला, त्याच्यापाशी ऐन वेळी दयाबुद्धी असेल. पण द्यावयास काही नसेल.

२००६ सालच्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या उत्तरेकडील वाटेवर डेव्हिड शार्प हा इंग्रज गिर्यारोहक कड्याच्या आडोशाला मरणासन्न पडला होता. सुमारे चाळीस माणसे त्याच्याजवळून गेली असे म्हणतात. काहींना तो दिसला नाही, काहींना तो मेलेला भासला, काहींनी मदतीची धडपडही केली. तो वाचला नाही. त्याच महिन्याच्या २६ तारखेस त्याच वाटेवर लिंकन हॉल नावाचा ऑस्ट्रेलियन, आदल्या दिवशी मृत समजून मागे सोडलेला, जिवंत आढळला. तो डॅनियल मेझर व त्याच्या सोबत्यांना दिसला. त्यांनी आपला प्राणवायू, खाणे व पेय त्याला दिले, त्याची सुटका होईपर्यंत थांबले, आणि जवळ आलेले शिखर सोडले. पहिल्या प्रसंगातील माणसे दुष्ट आणि दुसऱ्यातील साधू, असा निवाडा देण्याचा अधिकार सपाटीवर बसून लिहिणाऱ्या आम्हांस नाही. पण दुसऱ्या प्रसंगी देणाऱ्यांपाशी देण्याजोगे काही उरले होते, एवढे निर्विवाद.

आमच्या प्रांतात कमीत कमी सामानाचा विचार नवा नाही. अजिंठ्याच्या विहारांत राहणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेत आठच वस्तू जवळ बाळगण्याची मुभा असे: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे साधन. यांतील शेवटची वस्तू लक्षात घ्यावी. ते गाळणे पाण्यातील सूक्ष्म जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणून होते. इतकी काटछाट करूनही आठांतील एक जागा दुसऱ्याच्या जिवासाठी राखून ठेवली होती!

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. प्राणवायूचे एक भरलेले नळकांडे तीन किलोच्या आसपास भरते. परोपकारासाठी ते जास्तीचे घेतले, तरी वर वाहून नेणार कोण? बहुधा शेर्पा. १९२२ साली एव्हरेस्टवर हिमलोटात सात भारवाहक मेले. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले, तेही इतरांच्या मोहिमांची तयारी करताना. तेव्हा दुसऱ्याच्या पाठीवर लादलेले औदार्य हे औदार्यच नव्हे. मग तिढा सुटावा कसा?

आम्हांस असे वाटते की, दुसऱ्यासाठीची जागा ओझे वाढवून करावयाची नसते; ती आपले काही तरी वगळून करावयाची असते. आणि वगळावयाच्या गोष्टींत सर्वांत जड आहे ती शिखराची हाव. आमच्याच नगरातील मनीषा वाघमारे २०१७ साली एव्हरेस्टच्या माथ्यापासून अवघ्या १७० मीटरांवरून प्रतिकूल हवेमुळे परतल्या, आणि २०१८ साली शिखरावर पोहोचल्या. त्या परतल्या त्या हवेमुळे, कोणास वाचवण्यासाठी नव्हे, हे खरे. पण परतण्याची जी ताकद स्वतःचा जीव राखते, तीच प्रसंगी दुसऱ्याचाही राखू शकते. शिखराविना परतणे ज्याला मनातच बसत नाही, त्याला वाटेत कोणासाठी थांबणेही शक्य नाही.

हे लिहीत असता आम्हांस स्वतःचीच एक गोष्ट टोचते. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवसांत एक मुलगा काही सांगावयास दाराशी आला होता. ‘आज वेळ नाही’ असे आम्ही म्हणालो, आणि ते खोटे नव्हते. त्यानंतर त्याने महाविद्यालय सोडले. काय सांगावयाचे होते ते कधीच कळले नाही. त्या दिवशी वेळ नव्हता हे खरे. पण तो दिवस तसा गच्च बांधला होता आम्हीच.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी विद्यार्थ्याचा निरोप आला. छायाचित्रणाची एक भिंग-नळी त्याने घरी ठेवली होती आणि हातमोज्यांचा तिसरा जोड घेतला होता. वजन वाढले नाही, हेही त्याने आवर्जून कळवले.