काही झालं नाही म्हणून

गेल्या हिवाळ्यात मी भाच्याच्या स्केट्सची पाती घरी बदलली. काही झालं नाही. पण हे ‘काही झालं नाही’ मला अजून पुरतं पचलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

मी ओटावात राहतो, सॉफ्टवेअर लिहितो. माझी मावसबहीणही याच शहरात असते. ताईचा तेरा वर्षांचा मुलगा आइस हॉकी खेळतो. इथे त्यात विशेष काही नाही. चांगली थंडी पडली की रिडो कालवा गोठतो आणि त्यावर ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट तयार होते. पोरं चालायला लागली की घसरायलाही लागतात.

स्केटचं पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. खालून पाहिलं तर मधोमध उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक धार. वळताना, थांबताना सगळं शरीर त्या धारेवर तोललेलं असतं. धार लावायची म्हणजे पोलाद घासायचं, त्यामुळे दर वेळी पातं थोडं कमी होतं आणि एक दिवस घासायला फारसं काही उरत नाही. भाच्याच्या सेकंडहँड स्केट्सची तीच अवस्था झाली होती.

दुकानात हे काम करून देतात. पण मी ज्या घरात वाढलो तिथे मिक्सर, इस्त्री, सायकल सगळं बाबांनी जमिनीवर पेपर पसरून उघडलेलं. दुकानात जाणं म्हणजे हार मानणं. मी ताईला म्हटलं, ‘‘दे इकडे, अर्ध्या तासाचं काम आहे.’’

होतंही तेवढंच. नव्या स्केट्समध्ये खटका दाबला की पातं सुटतं. याच्या जुन्या धाटणीच्या होत्या: बुटातलं इनसोल काढायचं, आत पुढे एक आणि टाचेखाली एक नट असतो, ते सोडवले की पातं खालून निघतं. जुन्या पात्यावर मिलिमीटरमध्ये लांबी कोरलेली होती, त्याच मापाची नवी जोडी आणून दुकानातून पहिली धार लावून घेतली होती. उजवा बूट झाला. डाव्याचा पुढचा नट आवळला, मागचा बोटांनी फिरवून बसवला, आणि फोन वाजला. ऑफिसचा सर्व्हर पडला होता. तासाभराने परत आलो, इनसोल आत सरकवलं आणि बूट भाच्याला दिले.

शनिवारी तो दीड तास खेळला. परत आल्यावर म्हणाला, ‘‘मामा, डाव्या पायाखाली काहीतरी टकटक वाजत होतं.’’ मी लॅपटॉपमधून मान न काढता म्हणालो, ‘‘नवीन पातं आहे रे, बसेल हळूहळू.’’

रविवारी बूट वाळवायला इनसोल काढलं. मागचा नट बोटाने फिरत होता.

मी तो आवळला. कुणाला काही सांगितलं नाही. स्वतःशी म्हटलं, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मराठीत ही म्हण फार सोयीची आहे. ती सगळा हिशेब नशिबाच्या खात्यात टाकते आणि नट कुणी सैल ठेवला हे विचारत नाही.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी नैतिकता आणि नशीब यांच्या नात्यावर दोन निबंध लिहिले. नेगलचं एक उदाहरण तर जवळजवळ माझंच आहे. ब्रेक तपासून न घेतलेला ट्रकचालक. मूल रस्त्यात आलं आणि चाकाखाली गेलं, तर तो जन्मभर स्वतःला दोष देईल. मूल आलंच नाही, तर हाच हलगर्जीपणा किरकोळ ठरतो. चालकाने केलं ते दोन्हीकडे सारखंच. फरक पडला तो त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीने. मग दोष कमीजास्त कसा?

दोष सारखाच, असं पटकन म्हणता येतं. पण मी तसा वागत नव्हतो. भाचा पडला असता, तर मी स्वतःला माफ केलं नसतं. तो पडला नाही, तर मी चहा करून घेतला. आमच्या कामातही हेच चालतं. सर्व्हर पडला की बैठक बसते, कारणं शोधली जातात, अहवाल लिहिला जातो. पडता पडता राहिला, तर कुणी काही लिहीत नाही. त्यातून आम्ही शिकतो ते इतकंच, की असं केलं तरी चालतं.

तरी मला खरी बोच नटाची नव्हती. फोन येतो, माणूस विसरतो. बोच होती ती ‘बसेल हळूहळू’ची. त्या मुलाला आवाज ऐकू आला होता, आणि तो खरा होता. मला काही ठाऊक नसताना मी ठाऊक असल्यासारखं उत्तर दिलं, आणि मामा इंजिनिअर आहे म्हणून त्याने स्वतःच्या कानापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. नट आवळून ते भरून निघत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो, तर पुढच्या टकटकीलाही तो ‘बसेल’ म्हणाला असता.

बुधवारी ताईकडे जेवायला गेलो तेव्हा दोघांनाही सांगितलं. ताईचा हात वाढता वाढता थांबला. ‘‘आणि हे तू आज सांगतोयस?’’ एवढंच म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही झालं नाही ना, हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

भाच्याने मात्र विचारलं, ‘‘म्हणजे खरंच वाजत होतं?’’

‘‘हो. खरंच वाजत होतं.’’

तो उठला, बूट घेऊन आला, इनसोल उपसलं आणि म्हणाला, ‘‘कुठला नट ते दाखव.’’ मी दाखवला. त्याने पाना मागितला. मी घट्ट आवळलेला नट त्याने पुन्हा एकदा तपासला. मला थोडं लागलं, पण मी काही बोललो नाही.