‘सेपियंट’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविचार

इंग्रजी भाषेत ज्ञानी पुरुषाला उद्देशून अनेक शब्द योजले जातात. त्यांपैकी ‘सेपियंट’ हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही. तथापि त्याचे मूळ रूप शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला परिचित आहे, कारण मनुष्यजातीचे शास्त्रीय नाव ‘होमो सेपियन्स’ म्हणजे ‘शहाणा मनुष्य’ असे आहे. जे विशेषण मनुष्याने स्वतःच स्वतःला लावून घेतले, त्याचा खरा अर्थ कोणता व ते धारण करणाऱ्यावर कोणते कर्तव्य येते, याचा विचार प्रत्येक जिज्ञासूने करणे योग्य होय.

प्रथम व्युत्पत्ती पाहावी. हा शब्द ‘सापेरे’ या लॅटिन क्रियापदापासून झाला. त्या क्रियापदाचे अर्थ दोन : चव असणे किंवा चव घेणे, आणि समजणे किंवा शहाणे असणे. स्पॅनिश भाषेतील ‘साबेर’ या क्रियापदात हे दोन्ही अर्थ आजही नांदतात. जाणणे तेच आणि पदार्थाला चव लागणे तेच. इंग्रजीत चवीला ‘सेव्हर’ म्हणतात व बेचव वस्तूला ‘इन्सिपिड’. तेही याच कुळातले. आपल्याकडे संस्कृतात जिभेला ‘रसज्ञा’, म्हणजे रस जाणणारी, असे नाव आहे. तात्पर्य, परस्परांपासून दूर असलेल्या भाषांनाही ज्ञान व आस्वाद यांचे नाते जाणवले होते.

हे नाते कशा प्रकारचे? सातव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल येथील बिशप इसिडोर याने आपल्या व्युत्पत्तिग्रंथात त्याचे विवरण केले आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, जीभ ज्याप्रमाणे अन्नाच्या चवींमधील भेद ओळखते, त्याप्रमाणे शहाणा पुरुष वस्तू व त्यांची कारणे यांमधील भेद ओळखतो. या अर्थाने शहाणपण हा संचय नसून निवड आहे. पळी दिवसभर पाकात बुडालेली असते, पण तिला पाकाची गोडी कळत नाही. ज्याने पुष्कळ पाठ केले पण त्यातील ग्राह्याग्राह्य पारखले नाही, तो विद्वान असेल, सेपियंट नव्हे.

येथे कोणी अशी शंका घेईल की, आस्वाद हेच ज्ञानाचे मूळ असेल, तर सर्व काही चाखून पाहिल्यावाचून मनुष्य शहाणा होणार नाही; मग निषिद्ध म्हणून काय उरले? ही शंका नवी नाही. इंग्रज कवी मिल्टन याच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या १६७४ च्या आवृत्तीतील नवव्या सर्गात तीच कथारूपाने आली आहे. वर्जित वृक्षाचे फळ खाल्ल्यावर ईव्ह त्या वृक्षाची ज्ञानदायी म्हणून स्तुती करते. पुढे ॲडमही ते फळ खातो आणि चव व शहाणपण या दोन्ही अर्थांवर कोटी करून तिच्या जिभेची वाखाणणी करतो. अधःपात झालेल्या क्षणीच तो शहाणपणाच्या गोष्टी बोलतो, हे कवीने हेतुपूर्वक दाखविले आहे.

शंकेचे समाधान असे. जिभेच्या ठिकाणी दोन धर्म आहेत : रसज्ञता आणि रसलोलुपता. पहिली पारखते, दुसरी मागते. कडू लागलेली वस्तू थुंकून टाकण्यास सांगते ती रसज्ञता. अपथ्य आहे हे कळूनही पुन्हा हात पुढे करायला लावते ती रसलोलुपता. ॲडम-ईव्हने दुसरीला पहिलीचे नाव दिले. शिवाय ज्वर आलेल्याला गोड अन्नही कडू लागते. म्हणून पारखणारी जीभ आधी निरोगी असावी लागते. तद्वत् विकारग्रस्त मनाचा अनुभव कितीही विपुल असला, तरी तो शहाणपणाचा आधार होऊ शकत नाही.

आता या शब्दाचा प्रयोग पाहू. पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आलेला हा गौरवाचा शब्द पुढे पुष्कळदा उपरोधाने वापरला जाऊ लागला. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकाच्या १६०८ च्या छापील प्रतीत, बुद्धिभ्रंश झालेला राजा समोर नसलेल्या मुलींचा न्यायनिवाडा मांडतो आणि आपल्या विदूषकाला ‘सेपियंट’ असे संबोधून न्यायासनाजवळ बसवितो. मराठीतही ‘शहाणा’ शब्दाची हीच गत झाली आहे. ‘मोठा शहाणा आहेस’ हे वाक्य स्तुती म्हणून क्वचितच ऐकू येते, आणि ‘दीडशहाणा’ ही तर उघड निंदाच होय. लोकांना शहाणपणाचा तिटकारा आहे असे यावरून समजू नये. मनुष्याने स्वतःहून मिरविलेले शहाणपण त्यांना खोटे वाटते, एवढेच यावरून दिसते.

मग साऱ्या मनुष्यजातीने मिरविलेल्या नावाचे काय? स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याने १७३५ साली प्राण्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा मनुष्याच्या नावापुढे शरीरलक्षण न देता, स्वतःला ओळख, असा केवळ उपदेश लिहिला. ‘सेपियन्स’ हे विशेषण त्याने १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत जोडले. उपदेश आधी, पदवी नंतर, हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे.

या शब्दाशी ‘सेंटियंट’ या शब्दाची आज वारंवार गल्लत होते. सुखदुःख ज्याला जाणवते तो सेंटियंट. सारासार निवडू शकतो तो सेपियंट. ब्रिटनमध्ये २०२२ साली संमत झालेल्या प्राणिकल्याणविषयक कायद्याने पृष्ठवंशी प्राण्यांबरोबर खेकडे, शेवंड व अष्टपाद यांचीही गणना सेंटियंट जीवांत केली. खेकडा शहाणा आहे की नाही, असे कोणी विचारले नाही. त्याला वेदना होते, एवढे त्याच्या रक्षणास पुरेसे ठरले. यातून निघणारा निर्णय स्पष्ट आहे. दयेस पात्र होण्यासाठी वेदना पुरते. दया करण्याचे उत्तरदायित्व मात्र ज्याला सारासार कळते त्याचे. म्हणून ‘सेपियंट’ हे इतर जीवांवरील अधिकाराचे पद नसून त्यांच्याविषयीच्या कर्तव्याचे पद आहे. ज्याला दुसऱ्याचे दुःख कळूनही हात आवरत नाही, त्याच्या ठिकाणी हा शब्द उपरोधानेच शोभेल.